क्लिपबोर्डमधली मुलगी

पंचवटी, नाशिक
४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. वल्लरी,

पोचलात हे तुझ्या मेसेजवरून कळलं. खरं तर गौरांगनं करायला हवा होता, पण माझा मुलगा असल्या गोष्टी कधी करतो म्हणा! गौरी गेल्या, तुम्ही दोघं गेलात, आणि फराळाचे डबे तेवढे मागे राहिले. आम्ही दोनच माणसं, किती करंज्या खाणार? यंदा कंबर पार मोडली गं. पुढच्या वर्षी सगळं विकतचं आणीन म्हणते. दरवर्षी म्हणतेच.

आता कामाचं. फोन न करता लिहितेय, कारण काँप्युटरचं काही सांगायला लागले की तू 'स्क्रीनवर काय दिसतंय ते जसंच्या तसं सांगा' म्हणतेस, आणि मी चष्मा शोधेपर्यंत ह्यांचे यजमान दारात येऊन उभे राहतात.

लॉकडाऊनमध्ये तू मला शिकवलं होतंस ना, विंडोजचं बटण आणि व्ही एकदम दाबलं की आपण आधी कॉपी केलेलं सगळं एका चौकटीत खाली खाली दिसतं? माझं अर्धं काम त्या चौकटीवर चालतं. सोमवारपासून पितृपक्ष. ज्यांना रामकुंडावर यायला जमत नाही ते यजमान गेलेल्या माणसाचं नाव, गोत्र, नातं व्हॉट्सॲपवर पाठवतात. मी ती नावं भराभर कॉपी करते, मग चौकटीतून एकेक उचलून यादीत टाकते आणि मोठ्या अक्षरात छापून ह्यांच्या हातात देते. हे पाण्यात उभे राहून यादी वाचतात आणि नावागणिक पाणी सोडतात.

तर त्या चौकटीत मी कॉपी न केलेल्या भलत्याच ओळी यायला लागल्यात. कुणाचा तरी पत्ता, कसलीशी वेळ, अर्धवट वाक्यं. नीट वाचल्याही नाहीत, पुसून टाकल्या. चहा पिऊन येते तो दुसऱ्या हजर! त्यातली एखादी चुकून यादीत गेली तर? ह्यांना समोर आलं की वाचायची सवय. 'वसिष्ठ गोत्र, दुसरा मजला, लिफ्टशेजारी' असं म्हणून मोकळे व्हायचे.

काय करू ते सांग. त्यात कुंभमेळ्याच्या नावानं गल्लीतला रस्ता खणून ठेवलाय, त्यामुळे दुरुस्तीवाला इकडे फिरकत नाही.

तुझी,
आई


पुणे
५ सप्टेंबर २०२५

आई, नमस्कार.

घाबरू नका, असं होतं कधी कधी. काँप्युटर एकदा पूर्ण बंद करून चालू करा, म्हणजे चौकट आपोआप रिकामी होईल. ज्या ओळीसमोर टाचणीचं चिन्ह आहे ती मात्र राहते, ती टाचणी काढून पुसावी लागते. मग चौकटीतच वर 'क्लिअर ऑल' आहे, ते दाबा.

तरी आलंच, तर एखादी वेबसाइट उघडी राहून स्वतःच काही कॉपी करत असेल. सगळ्या खिडक्या बंद करून बघा. अँटीव्हायरस फिरवा. एवढं करूनही येत असेल तर ओळी पुसू नका, मला जशाच्या तशा लिहून पाठवा. काय येतंय ते पाहिल्याशिवाय कुठून येतंय ते कळणार नाही.

गौरांग ठीक आहे. कामात असतो. मेसेजचं त्याला सांगते.

करंज्या शेजारी वाटून टाका आणि जरा पाठ टेका. बाबांना नमस्कार.

वल्लरी


पंचवटी
७ सप्टेंबर २०२५

चि. सौ. वल्लरी,

आज ग्रहण. दुपारपासून वेध लागले, स्वयंपाक नाही, म्हणून बसायला वेळ मिळाला. नाहीतर उद्यापासून मला मरायलाही फुरसत नाही.

तू सांगितलंस ते सगळं केलं. बंद करून चालू केला. क्लिअर ऑल दाबलं. टाचणीवाली एकच ओळ होती, संकल्पाची, ती मीच लावलेली. पंचांग सोडून मी दुसरी वेबसाइट उघडत नाही. अँटीव्हायरस म्हणतो, सगळं छान आहे. त्याचं काय जातंय म्हणायला!

आणि पुन्हा आल्याच. जशाच्या तशा उतरवते.

'इंदिरानगरला किंवा पाथर्डी फाट्याजवळ वन बीएचके हवा आहे. मिस्टर बाहेरगावी असतात.'

तिच्यानंतर आलेली: 'इंदिरानगरला किंवा पाथर्डी फाट्याजवळ वन बीएचके हवा आहे. मी एकटीच राहणार आहे.'

मग: 'परस्परसंमतीने घटस्फोटाच्या अर्जाला लागणारी कागदपत्रं.'

आणि ही मोठी: 'गणपतीनंतर सांगू म्हणालास. आता म्हणतोस दसऱ्यानंतर. दसऱ्यानंतर दिवाळी येईल. मी सांगणार नाही. तुझे आईवडील आहेत, तूच सांगायचं.'

वल्लरी, हा व्हायरस नाही गं. ही कुणीतरी मुलगी आहे. आधी 'मिस्टर बाहेरगावी' लिहिलं, मग ते काढून 'एकटीच' लिहिलं. ते वाक्य बदलताना तिला काय वाटलं असेल? मी किती वेळ त्या दोन ओळींकडे बघत बसले होते. आणि तिचा तो नवरा! आईबापांना सांगायचं धाडस नाही आणि बायकोला लटकवून ठेवलंय. गाढव आहे नुसता. असल्यांच्या आयांना धरून विचारलं पाहिजे, काय वळण लावलंत म्हणून.

पण तिचं लिहिलेलं माझ्याकडे का येतंय? काहीतरी कर बाई. मला वाचायचं नसतं, पण डोळे जातातच.

आई


पुणे
१० सप्टेंबर २०२५

आई,

उत्तराला उशीर झाला, माफ करा. ऑफिसचं होतं.

दोष तुमच्या काँप्युटरचा नाही. दोन काँप्युटरवर एकच अकाउंट असेल आणि 'सिंक' चालू असेल, तर एकावर कॉपी केलेलं दुसऱ्यावर दिसतं. तसं कुणाचं तरी चालू राहिलं असणार. सेटिंग्ज उघडा, मग सिस्टिम, मग क्लिपबोर्ड. तिथे सिंकचं बटण निळं दिसेल, ते बंद करा. त्याखाली 'क्लिअर' आहे, तेही दाबा.

ओळी वाचू नका आणि मला पाठवूही नका. परक्या माणसाचं खासगी आहे ते.

वल्लरी


पंचवटी
१३ सप्टेंबर २०२५

चि. सौ. वल्लरी,

बटण सापडलं. निळं होतं. मी ते बंद केलेलं नाही. थांब, रागावण्याआधी ऐकून घे.

कुणाचं तरी म्हणजे कुणाचं, ते तू लिहिलं नाहीस. मग मीच डोकं चालवलं. केबलवाल्या रवीनं आपल्याला आणि वरच्या भाडेकरणीला एकाच डब्यातून इंटरनेट दिलंय. ती नर्स, गरीब पोर, कुणाशी बोलत नाही. मला वाटलं हीच. वाटीभर खीर घेऊन वर गेले, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग हळूच तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, 'नवऱ्याचा जाच सहन करू नकोस हो.' ती बघतच राहिली. म्हणाली, 'काकू, माझं अजून लग्न कुठे झालंय?' खाली येताना जिना संपेना. ह्यांना सांगितलं तर हे पोट धरून हसले. पितृपक्षात एवढं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

तर ती नव्हे. पण मुलगी आहे कुठेतरी, आणि ती याच गावात एकटी राहायला येतेय. गेले पाच-सहा दिवस तिची एकही ओळ नाही. घर मिळालं का? त्या गाढवानं सांगितलं का घरी? बटण बंद केलं तर मला कधीच कळणार नाही, म्हणून ठेवलंय चालू. चूक आहे ते कळतंय मला.

दमलेय गं फार. पहाटेपासून नावं, नावं, नावं. गेलेल्या माणसांची पोरं अमेरिकेतून नावं पाठवतात आणि खाली लिहितात 'अर्जंट'. आता कसली अर्जंट? या सगळ्या मेलेल्यांच्या गर्दीत ती एकच जिवंत बाई होती. तिची काळजी करायला बरं वाटत होतं.

तू बरी आहेस ना? हल्ली फोन उचलत नाहीस, मेलच करतेस.

आई


पुणे
१४ सप्टेंबर २०२५

आई,

बटण बंद करा. प्लीज. तिला कळलं की तिचं सगळं कुणीतरी वाचतंय, तर तिला किती लाज वाटेल. ती आपलं आपलं बघेल.

मी बरी आहे. मीटिंग चालू असतात म्हणून फोन उचलता येत नाही.

एक विचारू? तुम्ही त्या मुलीच्या सासूबाई असतात तर काय केलं असतंत? सहज विचारतेय.

वल्लरी


पंचवटी
१६ सप्टेंबर २०२५

चि. सौ. वल्लरी,

काय बाई एकेक प्रश्न विचारतेस! चहा गार झाला माझा विचार करता करता.

खरं सांगू? आधी मी मुलाची बाजू घेतली असती. घेतेच आई. पोर दुसऱ्याची खोडी काढताना सापडलं तरी आपण म्हणतो, त्याला कुणीतरी भरीला घातलं असेल. मग चार दिवसांनी डोकं ठिकाणावर आलं असतं. सून वाईट नव्हती, हेही आठवलं असतं. दोघांचं पटत नाही तर नाही, जुलमाचे संसार आम्ही पुष्कळ बघितले, त्यात काही पुण्य लागत नाही. एवढं मी ह्यांच्यासमोरही म्हणेन.

पण ती सगळं ठरवून बसलेली असताना माझ्या घरी येऊन, हसून, माझ्याबरोबर सणवार करून गेली असती, तर त्याचा मला फार राग आला असता. नवरा सोडायचाय तर सोड. मला का फसवलंस? मी काय केलं होतं? एवढं मी तिला विचारलं असतं.

असो. तिच्या ओळी आलेल्याच नाहीत. बटणाचं बघते. ह्यांचा घसा बसलाय, सुंठ-गूळ देतेय.

आई


पंचवटी
१९ सप्टेंबर २०२५

वल्लरी,

आज सकाळी यादीला उशीर झाला. दारात रिक्षा उभी, हे सोवळं नेसून तयार, आणि माझी शेवटची नावं टाकायची राहिलेली. चौकट उघडली. सगळ्यात वरची ओळ म्हणजे मी आत्ता कॉपी केलेलीच, असं धरून टाकली. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बाकीची जशी असतात तशीच दिसत होती. वाचली नाही. छापलं आणि दिलं.

हे दुपारी आले ते ओला कागद माझ्यापुढे ठेवून एका ओळीवर बोट ठेवून उभे राहिले.

गौरांग ढुंढिराज चांदवडकर.

यजमानांच्या काकांचं नाव तिथे हवं होतं. त्यांच्या गोत्रावर ह्यांनी आपल्या मुलाचं नाव घेतलं आणि अंगठ्यावरून तिळाचं पाणी सोडलं. मला म्हणाले, 'पाणी सुटल्यावर माझ्या कानांना ऐकू आलं, मी काय म्हणालो ते.' मग म्हणाले, शास्त्रात याला काही अर्थ नाही, जिवंत माणसाला तर्पण पोचत नाही. आणि ताटावरून तसेच उठले. गौरांगला फोन लावला. कसा आहेस म्हणाले. तो म्हणाला, बरा आहे. जेवलास का? जेवलो. वल्लरी कुठाय? 'आत आहे, स्वयंपाक करतेय.'

हे पुन्हा आंघोळीला गेले आणि मी चौकट उघडून बसले, हे नाव आलं कुठून ते बघायला. त्याच्याखाली दोन ओळी होत्या. 'विवाह दि. ८ डिसेंबर २०१९, नाशिक.' आणि 'पत्नी सध्या राहणार मनमाड.'

ती तारीख मला पाठ आहे. त्या दिवशी तुझ्या अंगावरचा शालू मी नीट करत होते.

तू मनमाडला आहेस आणि तुझा नवरा पुण्यात सांगतो, ती आत स्वयंपाक करतेय. आणि गौरीला तुम्ही दोघं माझ्या देवापुढे जोडीनं पूजेला बसलात. ह्यांनी स्वतः मंत्र सांगितले. सगळ्या जगाला विधी सांगणाऱ्या माणसाच्या घरात!

मला तुझा राग आलाय. त्याचाही आलाय, पण तुझा जास्त. तुला मी कुणाजवळ न काढलेली गाऱ्हाणी सांगत होते आणि तू मला बटणं दाबायला सांगत होतीस. माझं हसू येत असेल तुला.

सौ. इंदिरा चांदवडकर


मनमाड
२० सप्टेंबर २०२५

आई,

बाबा जेवले का? आधी ते कळवा.

तुमच्यावर हसले नाही. तुम्ही त्या मुलीला 'गरीब पोर' समजून वर खीर घेऊन गेलात, तो मेल वाचून मी स्वयंपाकघराचं दार लावून रडले. इथे माहेरी अण्णा बाहेरून विचारत होते काय झालं म्हणून.

तुमच्या काँप्युटरवर माझंच अकाउंट आहे. लॉकडाऊनमध्ये मी तुमच्याकडे राहून काम करायचे, तेव्हा सोयीसाठी सिंक मीच चालू केलं होतं. आता इथून करत होते ती पुण्याची नोकरी सोडली, ऑफिसचा लॅपटॉप परत केला आणि माझा जुना बाहेर काढला. तेव्हापासून माझं सगळं तुमच्याकडे यायला लागलं. सात तारखेच्या तुमच्या मेलमध्ये माझीच वाक्यं दिसली. लॅपटॉपवरचं सिंक त्याच मिनिटाला बंद केलं. पण फोनच्या कीबोर्डवरही तेच अकाउंट आहे, ते डोक्यातून गेलं. काल सकाळी वकीलबाईंना पाठवायला लग्नाची तारीख, माझं राहण्याचं गाव आणि शेवटी त्याचं पूर्ण नाव फोनवर कॉपी केलं. नुसतं नाव, आई. ते बाबांच्या ओंजळीत जाईल असं कसं सुचणार?

फेब्रुवारीपासून मी इथे आहे. त्याआधी अण्णांचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा चार महिने होते, ते तुम्हाला माहीत आहे. गौरांग एकदा येऊन गेला. मी परत गेले तर माझं कामाचं टेबल घरात नव्हतं. विकून टाकलं होतं. म्हणाला, 'तू वापरत नव्हतीस ना.' त्याला खरंच कळलं नाही मी का चिडले ते. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. तो गप्प बसला, मीही गप्प बसले, आणि एक दिवस बॅग भरली तेव्हा त्यानं ती खाली रिक्षापर्यंत आणून दिली. वाईट नाही तो. पण मी असले काय आणि नसले काय, त्याच्या दिवसात फरक पडत नाही.

तुम्हाला सांगायचं ठरवलं होतं. पण आपल्या घरात सांगायला दिवसच मिळत नाही. अक्षय्य तृतीयेला नको, चातुर्मास लागला नको, गौरी तोंडावर आल्यात नको, मग पितृपक्ष. गौरांगला प्रत्येक वेळी पंचांग सापडायचं. आणि खरं म्हणजे मलाही सापडायचं. सणाला मी मनमाडहून गाडीनं नाशिकरोडला उतरायचे, तो पुण्याहून येऊन मला स्टेशनबाहेरून गाडीत घ्यायचा. तिथून पंचवटीपर्यंत आम्ही नवरा-बायको. त्या नाटकानं मी जेवढी दमले तेवढी संसारानं दमले नव्हते. फोनसुद्धा म्हणूनच उचलत नव्हते. अण्णांचं घर स्टेशनला लागून, मागून मनमाडची घोषणा ऐकू आली असती तर तुम्ही लगेच विचारलं असतंत.

पूजेला बसायला नको होतं. तुम्ही माझ्या हातावर हळदकुंकू दिलंत तेव्हाच सांगायला हवं होतं. मी भ्याले. सांगितल्यावर त्या घरात माझं काही उरणार नाही, म्हणून एक सण आणखी मिळाला तर घेऊ असं वाटलं. लबाडी आहे ती. तिला दुसरं नाव नाही.

अंबडला एका कंपनीत नोकरी मिळालीय, म्हणून इंदिरानगरला घर बघत होते. अजून मिळालं नाही. एकटी बाई म्हटलं की घरमालकांना आधी नवऱ्याचा नंबर लागतो. तुमच्याच गावात तोंड चुकवत कशी राहणार? तुम्ही नको म्हणालात तर दुसरीकडे बघीन.

गौरांगपासून वेगळं होताना डोळ्यांत पाणी आलं नाही. तुम्ही खाली पूर्ण नाव घालून सही केलीत, तेव्हापासून थांबत नाहीये.

वल्लरी


पंचवटी
३० सप्टेंबर २०२५

चि. वल्लरी,

आज अष्टमी. बरेच दिवस लिहिलं नाही. लिहायला बसले की राग यायचा आणि उठायचे. आता राग थकलाय, मीही थकलेय, म्हणून लिहितेय.

हे दोन दिवस जेवले नाहीत. मग अमावस्येला रामकुंडावर गेले, रोजच्यासारखं सगळं केलं, पण यादीतलं प्रत्येक नाव आधी मनात वाचून मग तोंडानं म्हणाले. वेळ फार लागला, यजमान कुरकुरले. आता तसंच करणार म्हणतात.

गौरांग शनिवारी आला. मीच बोलावलं, कारण सांगितलं नाही. दारातून आत येतो तो हे उठून पुढे गेले आणि त्याचे दोन्ही दंड धरून नुसते बघत राहिले. तो घाबरला. म्हणाला, 'बाबा, काय झालं?' काही नाही म्हणाले. जेवायला बसवलं. त्याच्या ताटात भात ह्यांनी वाढला, तूपही ह्यांनीच. तो खात होता आणि हे समोर बसून त्याचा घास न् घास बघत होते. मग त्यानं आपणहून सगळं सांगितलं, मान खाली घालून, आमटीकडे बघत. आता हे उखडणार, असं मी धरून बसले होते. हे म्हणाले, 'तू आहेस ना? बास. बाकीचं बघू.' मी इतकी वर्षं ह्यांच्याबरोबर आहे, पण असं बोलतील असं वाटलं नव्हतं.

मी मात्र बोलले त्याला. टेबल का विकलंस, म्हणून विचारलं. त्याला एवढ्या मोठ्या गोष्टीत आईला टेबल कुठून सुचलं ते कळेना. तुझं म्हणणं तेव्हा मला समजलं.

तुझ्या फोनचं ते बटण बंद केलंस ना? इकडचं मी केलं, आणि वरच्या नर्सकडून माझं स्वतःचं अकाउंट काढून घेतलं. चौकटीत आता माझंच येतं. सवय व्हायला वेळ लागतोय.

तुम्ही काय करायचं ते करा. मी अडवणार नाही, आणि छान झालं असंही म्हणणार नाही, कारण मला छान वाटत नाही. तुझ्या लबाडीचा राग पूर्ण गेलेला नाही. एखाद्या दिवशी भर जेवणात आठवेल आणि मी तुला टाकून बोलेन. ऐकून घ्यावं लागेल.

काल इंदिरानगरला मीनाकडे हळदीकुंकवाला गेले होते. माझी शाळेतली मैत्रीण. तिच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या पोरगा परदेशी गेल्यापासून बंद आहेत. म्हटलं, एक मुलगी आहे, अंबडला नोकरी आहे, देशील का? ती म्हणाली, मुलगी कोण? म्हटलं, आमची सून. मग म्हटलं, होती. ती म्हणाली, 'होती म्हणजे काय गं इंदिरे?' आता काय सांगू? म्हटलं, म्हणजे ती एकटी राहील, कुणाचा नंबर मागायचा नाही, आणि रविवारी मी तिच्याकडे जेवायला येईन. चालत असेल तर सांग.

मीनाला चालतंय. तुला चालेल का, ते कळव.

आई